पहिला घाणा

दिवाळीच्या आधी चार दिवस चकलीचा पहिला घाणा निघाला, की आई त्यातली एक चकली मोडून माझ्या हातावर ठेवी आणि विचारी, "मीठ बघ रे, बेताचं झालंय ना?" नैवेद्याच्या पानाला कोणी बोट लावलेले तिला खपत नसे, पण फराळाची गोष्ट निराळी. पाहुणा अळणी चकलीही 'छान झाली आहे' म्हणून खातो. अळणीला अळणी म्हणणे हे घरच्या माणसाचे काम. या साध्या व्यवहारातले शहाणपण कळायला मला एका चित्रपट महोत्सवापर्यंत जाऊन यावे लागले.

मी रत्नागिरीचा. पदरमोड करून आणि मित्राचा कॅमेरा उसना घेऊन लहानसहान चित्रपट करतो. आमच्यासारख्यांना 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हणतात. स्वतंत्र म्हणजे ज्याला पैसे द्यायला कोणीच बांधलेले नाही असा! भाट्याच्या खाडीत ओहोटीला खडकांवरची कालवे काढणाऱ्या एका मावशींवर मी चाळीस मिनिटांचा चित्रपट केला. दोन वर्षे त्यांच्यामागून हिंडलो, त्यांच्या घरचा चहा प्यालो आणि एके दिवशी अंगणात बसून शब्द देऊन टाकला, "मावशी, चित्रपट झाला की पहिल्यांदा तुम्हांलाच दाखवणार. इथेच, भिंतीवर चादर लावून."

चित्रपट पुरा झाला आणि एका महोत्सवाचा अर्ज हाती आला. त्यात अट होती : चित्रपट याआधी जाहीरपणे कोठेही दाखवलेला नसावा. मोठमोठ्या महोत्सवांचा हा रिवाजच आहे. आमच्याकडे नैवेद्य उष्टा चालत नाही, त्यांच्याकडे चित्रपट. नव्याचे कौतुक हेच ज्यांचे भांडवल, त्यांना तसा नियम करणे भाग आहे. त्यांना मी नावे ठेवणार नाही. मी मावशींना म्हटले, "थोडं थांबा." त्या म्हणाल्या, "थांबते रे बाबा. खाडी कुठं पळून जाते?"

आठ महिन्यांनी निवड झाल्याचे पत्र आले आणि मी त्या दूरच्या शहरी गेलो. गळ्यात माझ्या नावाचे ओळखपत्र, हातात कार्यक्रमाची जाड पुस्तिका, आणि दिवसाला चार-पाच चित्रपट. माझ्या खेळाला चाळीसएक माणसे होती. मावळतीच्या उजेडात गुडघाभर पाण्यात वाकलेल्या मावशींचे दृश्य आले, तेव्हा सभागृह अगदी स्तब्ध झाले. नंतर एक गृहस्थ म्हणाले, "या दृश्यासारखं खरं मी वर्षात काही पाहिलं नाही." मी हरखलो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "त्या मावशींना चित्रपट आवडला का?"

मी उत्तरलो, "हो. फार आवडला."

परतीच्या गाडीत तेवढा एक 'हो' माझ्याबरोबर जागा होता. मी मनाशी वाद घालून पाहिला. बाहेरची कीर्ती हवी असे वाटण्यात वाईट काय? अविनाश अरुण यांचा कोकणात राहायला आलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा 'किल्ला' २०१४ साली बर्लिनला गेला, तिथल्या बालपरीक्षकांनी त्याला स्फटिकाचे अस्वल दिले, आणि आपल्या चित्रपटगृहांत तो २०१५ साली आला. त्याने कोणाचे काय बिघडले? पण मनाने लगेच दुसरा दाखला पुढे केला. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत लागला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तोवर अभंग तोंडपाठ असलेल्या माणसांनी तो महिनोन् महिने पाहिला होता. ज्यांचा तुकाराम, त्यांनी आधी पारखला; जगाने मग.

गाडीतून उतरल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मावशींच्या भिंतीवर चादर लावली. शेजारपाजारची पंधरा माणसे जमली. मावशी स्वतःला पाहून पदराआड हसल्या, सुनेला कोपराने ढोसल्या. मग ते मावळतीचे दृश्य आले आणि त्या एकदम म्हणाल्या, "अरे, ही भरती हाय! पाणी बघ कसं आत शिरतंय. भरतीत कालवं कोण काढतं? तेव्हा मी घरी चालले होते. तू म्हणालास, एकदा वाका, म्हणून वाकले."

सगळे हसले. मीही हसलो, पण चादरीकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. दूरच्या सभागृहात जे सर्वांत खरे ठरले होते, तेच नेमके खोटे होते. ते सांगू शकेल असे माणूस जगात एकच, आणि तिलाच मी आठ महिने थांबवले होते.

आता एक गोष्ट कबूल करतो. अर्जातली अट जाहीर खेळापुरती होती. एका बाईला तिच्या घरात चित्रपट दाखवायला तिने कधीच मनाई केली नव्हती. नियमाच्या आड मीच लपलो होतो. मला अळणी म्हणवून घ्यायचे नव्हते.

आजवर मला वाटे, ज्याच्या जगण्यावर आपण कलाकृती उभारतो त्याला ती पहिल्यांदा दाखवणे हा त्याचा मान आहे. मान म्हटला, की तो सवडीने दिला तरी चालतो. शाल-नारळ काय, उद्याही देता येतात. पण हा मान नव्हे, ही पारख आहे, आणि पारख मागाहून करून उपयोग नाही. परका आपली कारागिरी जोखू शकतो. आपला खोटेपणा ओळखतो तो ज्याच्याविषयी आपण बोलतो तोच. आपण त्याला चुकवून जगापुढे जातो, तेव्हा बहुधा त्याचा मान चुकवत नसतो, त्याची नजर चुकवत असतो.

ते दृश्य मी काढून टाकले. चित्रपट एका मिनिटाने तोकडा आणि दिसायला थोडा फिका झाला. मागच्या रांगेतल्या त्या बाईंचा पत्ता माझ्याजवळ नाही. नाहीतर कळवले असते, की मावशींना चित्रपट आवडला, पण मीठ कमी पडले होते.