बदलीचा माणूस

‘बदली’ हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी वावरतो. आम्हां नोकरदारांना तो ऐकताच ट्रंका, मुलांच्या शाळेचे दाखले आणि नवा प्रांत आठवतो. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी तेथील बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाची रोजी मिळे. पहिल्या बदलीत माणूस जागा बदलतो. दुसरीत जागा तीच राहते आणि माणूस बदलतो. या दुसऱ्या बदलीत एक नैतिक पेच आहे. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या आजारपणावर भाजली जाते, त्याला त्या आजाऱ्याच्या आरोग्याची कामना कितपत प्रामाणिकपणे करता येते?

आमच्यापुढे हा प्रश्न प्रथम ठळकपणे उभा राहिला तो एका परदेशी वाद्यवृंदामुळे. रॉक संगीत आमच्या पुष्कळ वाचकांना कर्कश वाटते हे आम्ही जाणतो. पण रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडमधील संच १९६२ पासून गात आला आहे, आणि इतकी वर्षे टिकलेल्या गोष्टीकडे निदान कुतूहलाने तरी पाहावे. त्यात जानेवारी १९६३ पासून ड्रम वाजवीत होते चार्ली वॉट्स. जाहिरातीच्या धंद्यात चित्रकाम केलेला, मनाने जॅझचा असलेला हा अबोल गृहस्थ. स्नेअर ढोलावर डाव्या हाताचा ठोका पडे त्या क्षणी त्यांचा उजवा हात शेजारच्या झांजेवरून अलगद उचललेला असे. ठोक्याच्या आधी नि नंतर जरा मोकळी जागा राही, आणि त्या मोकळ्या जागेवरून ते ओळखू येत. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात निजत तेथील पलंगाचे रेखाचित्र काढण्याचा त्यांचा परिपाठ १९६७ पासूनचा. सरकारी विश्रामगृहांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना या छंदाचे नवल वाटू नये.

५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले की, शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीची गरज असल्याने वॉट्स अमेरिकेच्या दौऱ्यावर येणार नाहीत. या खेपेस आपलाच ताल किंचित चुकला, असे त्यांनी थट्टेने म्हटले आणि आपले मित्र स्टीव्ह जॉर्डन यांना आपणच विनंती केल्याचे सांगितले. जॉर्डन काही उपरे नव्हते. कीथ रिचर्ड्स यांच्या १९८८ सालच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत त्यांनी वाजवले होते. वॉट्स बरे झाल्याचे सांगतील त्या क्षणी आसन सोडताना आपल्याइतका आनंद कोणालाच होणार नाही, असे त्यांनी कळवले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, २४ ऑगस्टला, ऐंशी वर्षांचे वॉट्स वारले.

आता त्या कळवलेल्या वाक्याचे काय करायचे? आमच्या मते ते खरेच होते. पण ते खरे होते हे सिद्ध करण्याची संधी मात्र बोलणाऱ्यापासून कायमची हिरावली गेली. जून १९६४ मध्ये बीटल्सचा रिंगो स्टार घशाच्या विकाराने आजारी पडला, तेव्हा जिमी निकोल या तरुणाला ती संधी मिळाली होती. डेन्मार्क, हॉलंड, हाँगकाँग आणि ॲडलेड येथे तो वाजवून आला. मेलबर्नला रिंगो आला आणि निकोल सोन्याचे घड्याळ घेऊन घरी परतला. पुढे त्याचे दिवस बरे गेले नाहीत, परंतु त्याच्या मनाला निदान हा काटा नव्हता.

आम्हांस तो काटा ठाऊक आहे. कोलकात्यास आम्ही ज्या मेजावर बसतो ते चार वर्षांपूर्वी एका वयस्क गृहस्थांचे होते. ते दीर्घ रजेवर गेले; त्या जागेवर त्यांचा धारणाधिकार होता, आम्ही केवळ प्रभारी. दर रविवारी रुग्णालयात जात असू. ‘दादा, लवकर या, तुमच्या नोंदवह्या आम्हांला आवरत नाहीत’, असे म्हणत असू, आणि त्याच रात्री घरी पत्नीसमवेत, ही जागा कायम झाली तर मुलाला कोणत्या शाळेत घालता येईल, याचा हिशेब करत असू. दोन्ही गोष्टी मनापासून होत्या. ते गेले. कचेरीत शोकसभा झाली त्याच आठवड्यात आमच्या नावाचा कागद निघाला. अभिनंदन करणाऱ्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

अशा वेळी आपल्याकडे भरताचा दाखला देतात. पण पादुकांनी राज्य चालते, ढोल वाजत नाही. आणि आलेल्या कागदांचा निपटाराही होत नाही. जागेवर बसावेच लागते. मग गेलेल्याची हुबेहूब नक्कल करावी काय? आम्ही काही महिने तसे केले. दादांप्रमाणे टिपणाच्या शेवटी लाल शाईची रेघ ओढू लागलो. एका सहकाऱ्याने ती पाहून तोंड फिरवले, तेव्हा समजले की त्या रेघेने आम्ही दादांची आठवण ठेवत नव्हतो, त्यांची अनुपस्थिती झाकत होतो. रेघ सोडली. त्यांनी लावून दिलेला क्रम मात्र तसाच ठेवला.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी सेंट लुईस येथे दौऱ्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. आरंभी रंगमंच रिकामा होता. पडद्यावर वॉट्स यांची छायाचित्रे आणि ढोलाचा नाद, एवढेच. मग जॉर्डन बसले आणि आपल्या हाताने वाजवू लागले. पुढे २०२३ साली संचाची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील दोन गाण्यांत पूर्वी ध्वनिमुद्रित केलेले वॉट्स यांचे वादन आहे. इतरत्र मुख्यतः जॉर्डन यांचे. संच म्हणून लोकांपुढे आले ते जॅगर, रिचर्ड्स आणि वुड हे तिघेच. चौथे आसन भरलेले आहे आणि नाहीही, ही व्यवस्था आम्हांस फार सभ्य वाटते. कोणी म्हणेल, यात जॉर्डन यांच्यावर अन्याय आहे. असेलही, त्यांनी तो खळखळ न करता सोसलेला दिसतो.

आमच्या कपाटात आवक नोंदवहीचा एक जुना खंड आहे. एकशे बाराव्या पानाच्या मध्यापर्यंत दादांचे ठसठशीत अक्षर, तेथून खाली आमचे बारीक. गेल्या वर्षी वही जीर्ण झाली म्हणून नवी प्रत उतरवून घेण्याची सूचना आली. नोंदी उतरवल्या; जुनी वही मात्र रद्दीत दिली नाही.