तुटक रेषा

भूवैज्ञानिक नकाशावर दोन खडकांमधली सीमा तीन तऱ्हांनी काढतात. रेषा अखंड असेल तर नकाशा काढणाऱ्याने ती सीमा जागेवर पाहिली आहे. तुटक असेल तर ती तिथून जात असावी, असा त्याचा अंदाज आहे. ठिपक्यांची असेल तर सीमा आहे, पण गाळाखाली किंवा मातीखाली दडलेली. नकाशाचा प्रामाणिकपणा या तीन रेषांवरून जोखावा.

कागदावरचा नकाशा संगणकात जातो तेव्हा सगळ्यांत आधी हरवते ती तुटक रेषा.

*

ती कशी हरवते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. शीट स्कॅन होते. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन ती पडद्यावर जागेवर बसवली जाते. मग कुणीतरी माऊस घेऊन बसतं आणि रेषेवर एकेक क्लिक करत पुढे सरकतं. तुटक रेषेच्या दोन तुकड्यांमध्ये फट येते. फट तशीच ठेवली तर आकृती बंद होत नाही, बंद झाली नाही तर रंग भरत नाही आणि तपासणीत ती चूक म्हणून लाल होऊन उठते. म्हणून फट सांधली जाते. त्या फटीत ‘बहुधा’ हा शब्द होता. रेषा सांधताना तोही बुजतो.

माऊसवरच्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही. किती शीट झाल्या हे त्याला रोज विचारतात. किती शंका जपल्या हे कुणी विचारत नाही.

*

शंका ही कष्टाने मिळवलेली माहिती असते. सह्याद्रीत खडक उघडा सापडतो तो ओढ्यात, कड्यावर, रस्त्याच्या खोदकामात. एका ओढ्यात दोन लाव्हा प्रवाहांमधला लाल मातीचा पट्टा स्वच्छ दिसतो. पलीकडच्या ओढ्यातही तो जवळपास त्याच उंचीवर दिसतो. मधली सोंड मुरुमाने आणि रानाने झाकलेली. भूवैज्ञानिक ती सोंड चढतो, उतरतो, हातोड्याला काही लागत नाही. संध्याकाळी नकाशावर दोन ओढ्यांत दोन छोट्या अखंड रेषा काढतो आणि मधली सोंड तुटक रेषेने ओलांडतो.

ती तुटक रेषा सांगते : इथे मी आलो होतो, शोधलं, सापडलं नाही. पुढच्या माणसाला यापेक्षा उपयोगी निरोप कोणता? नवा रस्ता त्याच सोंडेवरून कापला गेला, तर पहिल्यांदा तिथेच जाऊन पाहायला हवं. डेटाबेसमध्ये रेषा अखंड झाली की तिकडे कुणी फिरकणार नाही.

*

संगणकाला शंका ठेवता येत नाही, असं मात्र नाही. तो कागदापेक्षा अधिक नेमकी शंका ठेवू शकतो. अमेरिकेत राष्ट्रीय भूवैज्ञानिक नकाशांचा डेटाबेस उभा करण्याचं काम १९९२ च्या कायद्याने सुरू झालं. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२० मध्ये ‘जेम्स’ नावाचा प्रमाण आराखडा प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक रेषेला तीन वेगळे प्रश्न विचारले आहेत. ही रेषा मुळात आहे, याची खात्री किती? ती ज्या प्रकारची म्हणून दाखवली आहे, त्याच प्रकारची आहे, याची खात्री किती? आणि दाखवलेल्या जागेपासून ती किती मीटर इकडेतिकडे असू शकते?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं. कागदावरच्या तुटक रेषेला हे तिन्ही प्रश्न एकाच खुणेत कोंबावे लागत होते. एखादा भ्रंश (खडक तुटून सरकल्याची भेग) नक्की आहे पण नेमका कुठे ते ठाऊक नाही, आणि इथे काहीतरी आहे पण तो भ्रंश की डाईक (भेगेत थिजलेल्या शिलारसाची भिंत) ते ठाऊक नाही, या दोन अगदी निराळ्या अडचणी आहेत. त्या वेगळ्या करता येणं ही डिजिटल नकाशाची खरी कमाई आहे. हे रकाने कोरे ठेवून केलेलं डिजिटायझेशन म्हणजे फक्त हलकं झालेलं कपाट.

*

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा पंचवीस मीटर जमीन झाकते. कागदावर ही जाडीच वाचणाऱ्याला सावध करायची. भिंग धरलं की रेषाही जाड व्हायची आणि सांगायची, याहून जवळ येऊ नका. पडद्यावरची रेषा कितीही मोठं करून पाहिलं तरी केसाएवढीच राहते. ती गट नंबरापर्यंत येते, घराच्या ओट्यापर्यंत येते आणि तिथेही तितक्याच ठामपणे उभी राहते.

शंभर मीटर पसरलेली वाडी या नकाशावर दोन मिलिमीटरांची असते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं. देशातल्या दरडप्रवण भागांचं १:५०,००० प्रमाणावर नकाशांकन करण्याची भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची योजना त्याच वर्षीची. तालुका पाहायला ते नकाशे मोलाचे आहेत; कोणत्या खोऱ्यात आधी माणूस पाठवायचा, हे त्यांच्यावरून ठरवता येतं. पण एखाद्या वाडीने आपलं घर रंगाच्या अलीकडे की पलीकडे हे मोबाइलवर पाहून निश्चिंत व्हावं, एवढी ताकद त्या रेषेत नाही. मूळ प्रमाण कोणतं, हे त्या पडद्यावर ठळक लिहिलेलं असायला हवं. ते न लिहिणं जिवावर बेतू शकतं.

*

दख्खनच्या नकाशांवर रेषा घसरण्याचा धोका विशेष आहे. इथले लाव्हा प्रवाह पश्चिम घाटात जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे त्यांच्या सीमा समोच्च रेषांना धरून डोंगराला वळसे घालतात. कड्यापाशी समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथे रेषा एक मिलिमीटर सरकली की जमिनीवर पन्नास मीटर बाजूला जाते, पण उंचीत शंभर मीटरही चढू किंवा उतरू शकते. तेवढ्या उंचीत कित्येक प्रवाह बसतात.

असा नकाशा उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवर टाकला की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सपाट पसरलेला लाव्हा कड्यावर चढउतार करताना दिसतो. संगणकाच्या तपासणीत अशी रेषा निर्दोष ठरते. आकृती बंद आहे, टोकं जुळली आहेत, कुठे रेषांची गाठ नाही. चूक ओळखतो तो सह्याद्री चढलेला डोळा. म्हणून तपासणीच्या टेबलावर एक तरी असा माणूस हवा, ज्याच्या बुटांना ती माती लागली आहे.

त्यात या नकाशांच्या पायाशी असलेल्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर, बेतलेल्या आणि आजचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच, पण जागा शंभरेक मीटरांच्या आगेमागे वेगळी. रूपांतराची सूत्रं आहेत, ती वापरली म्हणजे झालं. ती वापरली की नाही, हे मात्र नकाशासोबत लिहून ठेवावं.

*

१८ अंश ३० मिनिटांचा अक्षांश पुण्यात पर्वती-स्वारगेटच्या आसपास जातो. त्याच्या उत्तरेचं पुणे ४७ एफ/१४ या शीटवर, दक्षिणेचं ४७ एफ/१५ वर. शिवाजीनगर एका कागदावर, सिंहगड दुसऱ्या.

शीटची कड ही माणसाची सोय आहे. दोन शेजारच्या शीट दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वर्षांत काढलेल्या असू शकतात. एकाने जो पट्टा कडेपर्यंत आणला, तो दुसऱ्याला दिसलेला नसतो. कागदावर मधला पांढरा समास ही विसंगती झाकून ठेवायचा. डेटाबेसमध्ये समास उरत नाही. दोन रेषा टोकाशी येऊन एकमेकींना चुकवतात.

मोह होतो तो दोन्ही थोड्या थोड्या वाकवून जुळवून टाकण्याचा. पडद्यावर ते पाच मिनिटांचं काम आहे आणि जमिनीवर ते खोटं आहे. दोन जाणकारांनी एकच डोंगर दोन तऱ्हांनी वाचला, ही नोंद आहे. ती न जुळलेली म्हणूनच नोंदवावी आणि पुढच्या हिवाळ्यात तिथे कुणाला तरी पाठवावं.

*

सूचीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. नकाशाच्या कडेला रंगांचे चौकोन एकाखाली एक मांडलेले असतात : सर्वांत खाली सर्वांत जुना खडक, वर सर्वांत नवा. ती सूची म्हणजे काळाचा जिना आहे. डेटाबेसमध्ये गेली की ती नावांचं कोष्टक होते आणि कोष्टक अक्षरक्रमाने लागतं. महाबळेश्वरच्या डोंगरात खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे थर आहेत. अक्षरक्रमाने लावले की आंबेनळी पोलादपूरच्या आधी येतं. कुणी काही खोडलं नाही, तरी काळ पुसला गेला. क्रमासाठी एक वेगळा रकाना ठेवला की काम भागतं. तो ठेवायचं सुचायला आधी सूची वाचता यावी लागते.

*

याच डोंगरांना नावंही दोन प्रकारची आहेत. खडकांच्या रासायनिक घटकांवरून थर वेगळे करणाऱ्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात पश्चिम घाटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे असा क्रम लावला आणि वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ठेवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रवाहांचं स्वरूप आणि मोठ्या स्फटिकांचे खूणथर पाहून साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी मांडणी केली. दोन्ही मांडण्यांमागे वर्षानुवर्षांची पायपीट आहे.

कागदी नकाशा एक मांडणी पत्करायचा आणि तसं सांगायचा. डेटाबेस एका रकान्यात एकच नाव मागतो, आणि घाईत जे हाताशी येईल ते भरलं जातं. दोन रकाने करावेत. एका खडकाला दोन नावं असली तर ती चूक म्हणून सुधारायची नसते. तो वाद आहे, आणि तो पुढच्यांच्या हाती अख्खा जायला हवा.

*

विल्यम स्मिथने १८१५ साली इंग्लंड आणि वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. रंग हाताने भरले होते. प्रत्येक थराच्या तळाशी रंग गडद आणि वरच्या बाजूला फिकट होत जाणारा. थर कोणत्या बाजूला कलले आहेत आणि कोण कुणाखाली जातो, हे त्या छटेवरून नजरेला कळायचं. सपाट कागदावर त्याने खोली दाखवली ती केवळ कुंचल्याचा दाब कमीजास्त करून.

तो नकाशा बंद आकृत्यांत उतरवला तर प्रत्येक थराला एकसारखा रंग मिळेल. सीमा बिनचूक येतील आणि स्मिथचं म्हणणं गळून जाईल. म्हणून मूळ नकाशाचं चित्र, शीट जशीच्या तशी, डेटाबेसच्या शेजारी कायम उपलब्ध असावी. रेषा उतरवून झाल्या म्हणून कागद रद्दीत काढणाऱ्याला नकाशा म्हणजे काय, हे उमगलेलं नाही.

*

एवढं सगळं म्हणूनही हे काम व्हायलाच हवं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून नकाशे काढत आलं. पिढ्यान्‌पिढ्या ते कार्यालयांत आणि ग्रंथालयांत राहिले. खेड्यातल्या शिक्षकाला ते पाहायला मिळणं दुर्मीळ होतं. आज सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर त्याला आपल्या तालुक्याखालचा खडक पाहता येतो. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोकळ्या मनाने मानावी.

शिवाय काही प्रश्न कागदाला विचारताच येत नव्हते. नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात शेकडो डाईक आहेत, काळ्या दगडाच्या भिंतींसारखे शेताशेतांतून उठलेले. एकेकाची लांबी आणि दिशा कागदावर कोनमापकाने मोजायची म्हणजे महिने जाणार. डेटाबेसमध्ये ते क्षणाचं काम आहे. त्यावर विहिरींचा लेयर टाकला की कोणता डाईक पाणी अडवतो आणि कुणाच्या कडेने पाणी वाहतं, हे विचारता येतं. पाण्यासाठी बोअरमागून बोअर घेणाऱ्या मुलखात हा प्रश्न विचारता येणं चैनीचं नाही. आणि म्हणूनच त्या डाईकची रेषा पाहून काढली की अंदाजाने ओढली, हे उत्तरासोबत यायला हवं. चुकीच्या जागी गेलेल्या बोअरचे पैसे शेतकरी भरतो.

*

नकाशा ही छापील बाजू. तिच्यामागे फील्डबुक असतात : पेन्सिलीने लिहिलेली, घामाने फुगलेली, कडेला ओढ्याचं छोटं रेखाटन, नतीचा कोन, नमुन्याचा क्रमांक, ‘इथे परत यायला हवं’ अशी टीप. तुटक रेषा का तुटक आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. नकाशे स्कॅन करण्याची तरतूद निघते. फील्डबुक बहुतेकदा त्या तरतुदीत नसतात. ती घालावीत. प्रत्येक नोंद तिच्या जागेच्या बिंदूला जोडावी. पानं आधीच पिवळी पडली आहेत आणि पेन्सिल पुसट होत चालली आहे.

आणि ज्यांनी सत्तरच्या, ऐंशीच्या दशकांत ते डोंगर पायी पालथे घातले, त्यांतले कितीतरी जण निवृत्त होऊन आपापल्या गावी आहेत. त्यांनी काढलेली शीट त्यांच्यासमोर पसरली, तर कोणत्या रेषेवर त्यांचा विश्वास होता आणि कोणत्या रेषेपाशी पाऊस आडवा आला, हे ते आजही सांगतील. डिजिटायझेशनच्या प्रत्येक प्रकल्पात त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि एक ध्वनिमुद्रक ठेवा. हे काम पुढच्या टप्प्यात करू म्हणू नका. याच वर्षी करा.