अर्ध्या राहिलेल्या डब्या

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, दागिन्यांनी सजलेली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. अशा मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे आरशात पाहून नटणं आपल्या धाराशिवच्या मातीला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. तुळजापूरला नवरात्रात आईच्या अलंकार पूजा बांधतात, त्या पाहायला माणसं अनवाणी चालत येतात. नटण्याला नावं ठेवावीत असं मला कधीच वाटलं नाही.

मला छळतात त्या कपाटातल्या अर्ध्या राहिलेल्या डब्या. फेसवॉश, सीरम, नाइट क्रीम; उघडलेलं सगळं, संपलेलं काहीच नाही. त्वचेचा वरचा थर नव्याने यायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढा धीर कुणाला नाही. आठवड्यात फरक दिसला नाही की मोबाइलवर कुणीतरी दुसरंच काही चोळताना दिसतं आणि नवं पार्सल दारात येतं. जुनीची मुदत कपाटातच संपते. क्रीम शिल्लक राहतं, त्यावरचा भरवसा आधी उडतो.

पुडीचं दुखणं वेगळं. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून पसरलेल्या शॅम्पूच्या पुडीमुळे मजुरी करणाऱ्या बाईलाही हवं तेवढंच विकत घेता आलं, हे मान्यच करायला हवं. पण तिच्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहज सुटे होत नाहीत. भंगारवाला बाटली घेतो, पुडी घेत नाही. मग ती न्हाणीच्या पाण्याबरोबर गटारात जाते किंवा उकिरड्यावर जळते. कंपनीचा नफा शहरात जमा होतो, धूर गावाच्या वाट्याला येतो.

आणि हे सगळं कशाच्या भीतीपायी? बहुतेकदा सावळ्या रंगाच्या. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं समोर आलं. त्या वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतला रंग तयार होणं रोखतो, आणि अंगात भिनून मूत्रपिंडावर घाव घालतो. त्याच वर्षी पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारातल्या देशांनी पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरवलं. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द तर २०२० सालीच गेला होता.

आपल्या लग्नाच्या बायोडाट्यात मात्र ‘वर्ण’ हा रकाना जागच्या जागी आहे. शिक्षण, उंची, वर्ण. मुलगी नर्सिंगला पहिली आलेली असते, तरी वाचणाऱ्याची नजर त्या रकान्यावर अडते. फोन येत नाही तेव्हा घरात कुणी काही बोलत नाही. आई तालुक्याला जाऊन आणखी एक डबी घेऊन येते. ही डबी खपवायला कुठल्या जाहिरातीची गरज पडली नाही, ते काम आपल्याच सोयरिकींनी केलं. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी पुढच्या छापील अर्जातून हा रकाना काढून टाकावा, अशी माझी उघड मागणी आहे. मुलांच्या आई-वडिलांनी तर छपाईची वाट पाहायचंही कारण नाही.