चिमटीतली चव

मुरबाडकडच्या आमच्या गावी म्हैस व्याली की चीक आधी रेडकाला. त्याचं पोट भरलं की उरलेला घरात यायचा, त्याचा खरवस व्हायचा आणि वाट्या भरून आळीत जायचा. वाटी हातात देतानाच आजी सांगायची, "पहिल्या दिवसाचा आहे हो, घट्ट आहे. बेताने खा." घेणाऱ्याला काही विचारावं लागत नसे. सांगणं हा देण्याचाच भाग होता.

नोकरीमुळे मी उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये स्थिरावलो. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं वसली आणि १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अशा या गावात मला उतारवयात नाद लागला तो घरी चीज करण्याचा.

पनीरला लिंबू पुरतं. दूध उकळायचं, पिळायचं, फाटलं की फडक्यात बांधायचं. चीजचं तसं नाही. तबेल्यातलं चार लिटर दूध तापवून घ्यायचं, कोमट झालं की विरजण घालायचं आणि मग रेनेटचे थेंब. रेनेट म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम. पाऊण तासात दूध खरवसासारखं थरथरतं. मग वड्या कापायच्या, निवळी काढायची, मीठ लावायचं, वर वरवंटा ठेवायचा आणि वाट बघायची. महिना, दोन महिने, सहा महिने. चव येते ती या वाट बघण्यातून.

मला तेवढा धीर नव्हता. म्हणून लायपेज नावाची पूड मागवली. चार लिटरला चमच्याचा आठवा भाग, बस्स. ती दुधातली चरबी फोडते आणि तिखटसर, नाकात जाणारा वास येतो. खरं सांगायचं तर आपलं लोणी खवट होतं तेव्हाही हेच घडतं. जे आजी नाक मुरडून बाजूला सारायची, त्याच वासासाठी इटलीत लोक रोमानो चीजला पैसे मोजतात. दोन महिन्यांच्या चीजला जुन्या चीजचा तोरा आला.

पण पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही पूड करडाच्या जिभेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपासून काढलेली आहे.

रेनेटही मुळात असंच. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटाच्या अस्तरातून ते काढायचे. आता बुरशीपासून केलेलं मिळतं, म्हणून दुकानातल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका दिसतो. लायपेजही तसं मिळतं, पण माझ्या हातात होतं ते करडाचं.

शेजारच्या सिंधी अम्मा पक्क्या शाकाहारी. फडक्यातलं चीज बघून म्हणाल्या, "बेटा, इसमें डाला क्या है?" मी सांगितलं, अगदी करडासकट. त्यांनी वाटी शांतपणे खाली ठेवली. मग म्हणाल्या, त्यांची आई सिंधमध्ये एका झुडपाच्या फळांनी दूध गोठवायची, 'पनीर जा फोटा' म्हणायची त्यांना. आपल्याकडे तीच काष्ठौषधींच्या दुकानात पनीर डोडी म्हणून मिळतात. मी ती भिजवून वापरून पाहिली. दूध छान गोठलं, पण महिनाभर मुरल्यावर कडसर लागलं. वनस्पतींच्या एन्झाइमांचं हे असंच आहे, ताजं खायला बरं. अम्मांनी ते ताजं असताना आवडीने खाल्लं होतं.

मेव्हणे घरी आले तेव्हा त्यांना लायपेजवालं चीज भारी वाटलं. म्हणाले, "दाजी, 'सहा महिने मुरवलेलं' असं लिहून विका की. कोण ओळखतंय?" खरंच कोणी ओळखलं नसतं. आणि पूड तरी केवढी, चिमूटभर.

यावर मी बरेच दिवस विचार केला. पूड घालण्यात पाप आहे असं मला वाटत नाही. विरजणही बाहेरूनच घालतो आपण. चवीला घाई करणं हा काही गुन्हा नव्हे. करडाच्या पुडीला नाक मुरडताना माझं दूध तरी कुठे सोवळं आहे? तबेल्यात रेडकाला पोटभर कोण पाजतं? त्याच्या वाटचं दूध माझ्या पातेल्यात येतं, आणि त्यावर मी हिरवा ठिपका मानून चालतो. तेव्हा दुसऱ्याला तराजू दाखवण्याचा अधिकार मला नाही.

पण चिमूटभर आहे म्हणून सांगायची गरज नाही, हे मला पटत नाही. माळकऱ्याच्या ताटात रश्श्याचा एक थेंब पडला तर तो थेंब मोजत बसत नाही. किती आहे याचा हिशेब करणाऱ्याने करावा, पण चालतं की नाही हे खाणाऱ्याने ठरवावं. जिभेला करडू ओळखता येत नाही, सहा महिने आणि दोन महिने यांतला फरकही कळत नाही. म्हणून तर खाणारा आपल्या शब्दावर विसंबतो. जिथे त्याची जीभ थांबते तिथून पुढे आपल्याला बोलावं लागतं.

आता माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात: तारीख, दूध कुणाचं, पूड कशाची. मेव्हणे हसतात, चीज आहे की रेशनकार्ड म्हणून. हसू देत. एका चिठ्ठीने अम्मांचा घास चुकला आणि दुसरीने तो त्यांना मिळाला. दोन्ही वेळा निर्णय त्यांचा होता.