एक बोट आखूड

डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेला, एका बोळात कॅरमचा क्लब होता. क्लब म्हणायचं ते चार बोर्ड, त्यांवर पत्र्याच्या टोपीचे चार दिवे आणि भिंतीला लावलेली बाकं. दारावर पाटी होती, 'पैसे लावून खेळण्यास सक्त मनाई'. पैसे त्या पाटीखालीच मोजले जात. १८८७ सालचा मुंबईचा जुगारबंदीचा कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगार मानत नाही, एवढं मालकाला तोंडपाठ होतं. त्याच खेळावर पैज लावली तर काय, हा भाग त्याने पाठ केला नव्हता.

भिंतीवर वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेला विल्सन जोन्सचा फोटो होता. पुण्यात जन्मलेल्या या माणसाने १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. क्लबात येणाऱ्यांपैकी बिलियर्ड्सचं टेबल कुणी पाहिलेलं नव्हतं. पण आपल्याकडचा माणूस, बोटांच्या आणि नजरेच्या खेळात जगज्जेता झाला, एवढ्यावर तो फोटो तिथे शोभत होता.

फोटोखालच्या बाकावर रोज संध्याकाळी एक म्हातारा येऊन बसत असे. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्या डायमेकर होता. वरोर-चिंचणीकडच्या गावांत हा धंदा घरोघर चालतो. पोलादाच्या तुकड्यावर बारीक छिन्नीने दागिन्याची नक्षी उलटी, खोलगट कोरायची. त्यावर सोन्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी पत्र्यावर सुलटी उठते. केसाएवढी चूक झाली तरी तुकडा वाया. चाळीस वर्षं हे काम करून तात्याची नजर अशी झाली होती की सोंगटी रेषेला टेकली आहे की नाही, यावरून भांडण झालं की दोन्ही बाजू त्याच्याकडे बघत.

तो स्वतः मात्र खेळत नसे. कुणी फारच आग्रह केला तर एखादा बोर्ड खेळे, तोही पैशाशिवाय. आणि त्या एका बोर्डासाठी बाकीचे तीन बोर्ड थांबत. स्ट्रायकर ठेवायचा, मधल्या बोटाचं नख त्याला लावायचं, क्षणभर काहीच करायचं नाही. मग नुसती टिचकी. जोर कुठून आला ते दिसत नसे. सोंगटी आवाज न करता पॉकेटात जाई आणि स्ट्रायकर पुढच्या फटक्याच्या जागी येऊन थांबे, जणू त्याला तिथेच बोलावलं होतं.

तात्याची एक गोष्ट क्लबात रोज सांगितली जाई. तीस वर्षांपूर्वी, चैत्रात, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत रात्रभर सामना झाला होता. समोर वापीहून आलेला पट्टीचा जुगारी. दोघं चोवीस-चोवीसवर. पंचवीसला खेळ संपणार. शेवटच्या बोर्डावर तात्याने राणी घेतली, कव्हर केली आणि एक अशक्य डबल मारला. पैज किती होती ते सांगणाऱ्यावर असे. कुणी पाचशे म्हणे, कुणी दोन हजार. एकदा तर चिकूची अख्खी वाडी पैजेवर लागली होती, असंही ऐकू आलं. गल्ल्यावर बसलेला मालक मान डोलवत राही. तो त्या रात्री जत्रेत होता.

मारिया इरुदयमला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि कॅरमला तो मान पहिल्यांदाच लाभला, त्या १९९६ च्या सुमाराला क्लबात एक तरुण येऊ लागला. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात तो साचे रबराच्या चिकात बुडवायचं काम करी. हाताला कायम रबराचा वास. खेळ चांगला होता, घाई फार होती. तात्याची गोष्ट त्याने इतक्यांदा ऐकली की त्याला ती आपलीच वाटू लागली.

एकदा धीर करून तो तात्याच्या शेजारी बसला.

"तात्या, तो शेवटचा बोर्ड कसा होता हो?"

तात्या उठला. रिकाम्या बोर्डावर त्याने चार सोंगट्या ठेवल्या. एकेक ठेवताना वाकून बघितलं, एक पुन्हा उचलून नखभर सरकवली. राणी उजव्या हाताला, बेस लाइनच्या वर. एक सफेद मधल्या वर्तुळाशी. दुसरी सफेद समोरच्या डाव्या कोपऱ्यात कडेला टेकलेली. आणि तिच्या पुढे, पॉकेटाच्या अगदी तोंडावर, समोरच्याची एकुलती एक काळी.

"सरळ मारली तर आधी काळी पडणार," तरुण म्हणाला.

"पडणार. ती त्याची शेवटची. म्हणजे खेळ त्याचा."

"मग राणी घेतलीत, मधलीने कव्हर केलंत आणि हिला डाव्या कडेवर आपटून उजव्या पॉकेटात, डबल?"

"डबल मारला."

"आणि किती मिळाले?"

"काही नाही."

बाकावरचे हसले. तात्या असाच, कधी मोठेपणा सांगायचा नाही. तरुणही हसला. मोठी माणसं अशीच बोलतात, हे त्याने मनाशी धरलं.

त्या काळी मुंबई-अहमदाबाद हायवेवर, गुजरातच्या हद्दीलगत, आच्छाडच्या तपासणी नाक्याशी ट्रकांची रांग लागे. ड्रायव्हरांचे तासन् तास तिथे जात. एका ढाब्यामागे ताडपत्रीखाली बोर्ड मांडलेला होता. तिथे भाषा दहा होत्या, पैसा रोख होता. तरुण एका शनिवारी घरी जाताना तिथे उतरला. तात्याचा डबल त्याच्या डोक्यात होता. त्या संध्याकाळी त्याने कारखान्याच्या दोन आठवड्यांच्या पगाराएवढे पैसे जिंकले.

सोमवारी तो क्लबात आला तो नवा शर्ट घालून. सगळ्यांना चहा-भजी सांगितली. नोटा मोजून दाखवल्या. तात्याने ऐकून घेतलं आणि रिकाम्या बोर्डाकडे बोट केलं.

"शेवटचा बोर्ड मांड बघू."

तरुणाने हातात सोंगट्या घेतल्या. एक काळी ठेवली, एक सफेद ठेवली, मग तो थांबला. राणी कुठे होती? कुणी घेतली? आठवेना. "जिंकलो ना तात्या, त्याचं काय एवढं," तो म्हणाला. तात्या काही बोलला नाही. भजी मात्र त्याने खाल्ली, गरम होती.

मे महिना संपत आला. मिरगाच्या आधी घर शाकारायचं होतं. आईने जपून ठेवलेले पैसे तरुणाच्या हातात दिले आणि कौलं आणायला सांगितलं. तो निघाला आणि वाटेत आच्छाडला उतरला. एका दिवसात दुप्पट करू, कौलांबरोबर वासेही नवे घेऊ, असा त्याचा हिशेब होता. तात्याने तर, म्हणतात, वाडी जिंकली होती.

समोर एक सरदारजी बसला. खेळायला संथ, बोलायला गोड. दुपारपर्यंत तरुण वर होता. ऊन कललं तसा खाली आला. मग पैज वाढवून त्याने सगळं एका बोर्डावर लावलं आणि तो बोर्ड गेला. "आणखी एक," तो म्हणाला. त्याने मित्राची सायकल लावायची तयारी दाखवली. तेवढ्यात क्लीनर धावत आला, रांग सरकली होती, नंबर लागला होता. सरदारजीने नोटा खिशात घातल्या, तरुणाच्या पाठीवर थाप मारली आणि तो ट्रकवर चढला. पंधरा मिनिटांत ट्रक हद्दीपलीकडे गेला. हरलेले पैसे परत जिंकायचे तर ज्याने ते जिंकले तो माणूस समोर बसलेला लागतो, आणि नाक्यावर कुणीच बसून राहत नसे.

तरुण घरी गेला नाही. रात्री उशिरा डहाणूला परतला, तेव्हा क्लबाचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत मालक हिशेब करत होता आणि तात्या चप्पल शोधत होता. तरुण कुणाशी न बोलता बोर्डापाशी गेला. त्याने पाच सोंगट्या मांडल्या. हात थांबला नाही.

"इथे राणी होती," तो म्हणाला. "मी आधी ही सफेद घेतली, सोपी म्हणून. राणी घ्यायला हवी होती. मग स्ट्रायकर इथे अडकला. मग त्याने असं..." पुढे त्याला बोलवेना.

तात्या खाली बसला. बराच वेळ त्या पाच सोंगट्यांकडे बघत राहिला. मग त्याने त्या बाजूला सारल्या आणि आपल्या चार मांडल्या. तीच राणी, तीच कोपऱ्यातली सफेद, तीच काळी.

"डबल मारला," तो म्हणाला. "एक बोट आखूड पडला. सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी येऊन थांबली. त्याने काळी फुंकरीने ढकलावी तशी आत टाकली."

तरुणाने मान वर केली.

"तुम्ही हरला होतात?"

"मी तुला सांगितलं होतं की. काही मिळालं नाही म्हणालो."

"मग हे सगळे..."

"मी कधीच जिंकलो म्हणालो नाही. ते म्हणत राहिले, मी अडवलं नाही. एवढं खोटं माझं." तात्याने सोंगट्या गोळा केल्या. "पैसे नव्हते माझ्याकडे त्या रात्री. तीन डाय लावल्या होत्या. मुंबईच्या सोनाराच्या, दुसऱ्या दिवशी पोचवायच्या. त्याला सांगितलं, पोलाद खराब निघालं. पावसाळाभर दिव्याखाली बसून तीनही पुन्हा कोरल्या. बायको रोज रात्री विचारायची, एवढं काम कसलं आलंय. तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही."

गल्ल्यावरच्या मालकाने वही मिटली आणि दिवा विझवायला उठला. त्याला हे सगळं ठाऊक होतं. पण जिंकलेल्या तात्याच्या गोष्टीवर चार बोर्ड रात्री दहापर्यंत भरलेले राहत होते.

तात्याने तरुणाला पैसे दिले नाहीत. काम दिलं. कारखाना सुटला की तरुण तात्याच्या घरी जाई आणि कोरलेल्या डाय घासून-पुसून चकचकीत करी. कौलं आली ती पाऊस सुरू झाल्यावर. तोवर आईने घरभर गळक्या जागांखाली टोप आणि मडकी मांडली होती. तिला त्याने खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली की उद्या ते मोठं मडकं बाहेर काढ, फुटलंय. रात्री काम झाल्यावर तात्या त्याला एक बोर्ड खेळू देई. खेळ संपला की शेवटची मांडणी पुन्हा लावायची आणि कुठे चुकलं ते बोलायचं, असा नियम होता.

क्लबातल्या कुणी खोटं सांगायचं ठरवलं नव्हतं. तात्या त्यांना आवडत होता आणि आवडत्या माणसाच्या गोष्टीतून हार हळूहळू गळून जाते. ती गाळलेली अर्धी गोष्ट ऐकून एक पोरगा आईचे पैसे घेऊन नाक्यावर उतरला. अड्ड्यावरच्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी सांगणारे आपणही बहुतेक अशीच अर्धी गोष्ट सांगत असतो. उरलेली अर्धी कुणाच्या तरी घरात, मध्यरात्री दिव्याखाली कोरली जात असते.

पुढे तात्या गेला. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, बाजार वाढला. मालकाच्या मुलाने दोन बोर्ड काढून तिथे पूलचं टेबल टाकलं. विल्सन जोन्सचा फोटो तेवढा राहिला. फुग्यांच्या कारखान्यातला तरुण आता पन्नाशीला आला आहे. तो आजही तिथे जातो आणि उरलेल्या बोर्डांपैकी एकावर बिनपैशाचं खेळतो.

परवा क्यूला खडू लावता लावता एक पोरगा दुसऱ्याला तात्याची गोष्ट सांगत होता. पैज आता पन्नास हजारांवर गेली होती.

"हरले होते ते," पन्नाशीचा माणूस बोर्डावरून मान न उचलता म्हणाला. "डबल एक बोट आखूड पडला. ये, मांडून दाखवतो."

पोरगा क्यू ठेवून बोर्डाकडे वळला. तेवढ्यात गल्ल्यावरून मालकाचा मुलगा ओरडला, "काका, कशाला उगाच? टेबलाचा तास चालू आहे त्यांचा!"