बांडगूळ

रहिमतपूरच्या शिवारात जुन्या आंब्यावर बांडगूळ दिसले की मालक कोयता मागतो. त्यात गैर काही नाही. बांडगुळापुढची फांदी वाळत जाते. पण हाच शब्द आपण घरातल्या निराधार आत्याला लावतो, तेव्हा झाडावरचा प्रकार कोणी नीट पाहिलेला नसतो.

बांडगुळाची पाने हिरवी असतात. अन्न ते स्वतः तयार करते. आंब्याचे घेते ते मुख्यतः पाणी आणि क्षार. जागाही त्याने निवडलेली नसते. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याचे फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो. पुसले तिथे जन्म. कोकणातल्या या व्यवहारावर सालिम अलींनी १९३१ साली निबंधच लिहिला. मग दोष कोणाचा? पक्ष्याचा म्हणावा, तर त्याला भूक होती. माझ्या मते येथे नुकसान आहे, दोष नाही. नुकसानाला कोयता पुरतो, शिवी कशाला? आणि आत्याचे म्हणाल, तर तिच्या दोन वेळच्या ताटाचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. तिच्या मांडीवर वाढलेली पोरे कोणी मोजत नाही.

आंब्यापुरते सांगायचे, तर मुळी फांदीच्या आत शिरलेली असते, म्हणून फांदीसकट कापावे. तेही फळ धरण्याआधी. उशीर झाला, तर बी शेजारच्या आंब्यावर पोचलेले असते.