खांड फोडण्याआधी

मरोळ नाक्यावरून मरोळ-मरोशी रस्त्याने वर निघालं, की कारखाने आणि उंच इमारती मागे पडतात आणि आरेची झाडी सुरू होते. तिथल्या उतारावर एक पाडा होता. पाड्याखाली सहा खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. सर्वांत वरचं एका आजीचं, त्याखालचं तिच्या पुतण्याचं, उरलेली शेजाऱ्यांची. पावसाळ्यात भात, बांधावर शिराळी-काकडीचे वेल. श्रावणात आजी टाकळा, कर्टोली आणि काकड्या टोपलीत घालून मरोळ नाक्यावर बसायची. घेणाऱ्यांना वाटायचं, भाजी डहाणूहून आली असणार.

खाचरांतून सुटलेलं पाणी एका ओहोळात पडायचं. ओहोळ म्हशींच्या तबेल्यांमागून खाली यायचा, एका मोठ्या सोसायटीच्या भिंतीला खेटून जायचा आणि एका मोरीतून पलीकडे गेला की त्याला लोक नाला म्हणायचे. नाल्याच्या काठी चाळवजा वस्ती. वस्तीनंतर मिठी नदी.

एका वर्षी वॉर्ड ऑफिसात नवा दुय्यम अभियंता आला. नगर जिल्ह्यातला, तरुण, कामाचा माणूस. मे महिन्यात त्याच्या टेबलावर तीन अर्ज पडले. पहिला सोसायटीचा: पाड्यातले बांध फुटून आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं, ते बांध काढून टाकावेत. दुसरा वस्तीचा: मोरीत कचरा अडकून नाला उलटतो आणि आमच्या घरात शिरतो. तिसरा पुन्हा सोसायटीचा: रात्री भिंतीवर बिबट्या बसलेला दिसला, ताबडतोब पिंजरा लावावा.

अभियंत्याने तिन्ही अर्ज पुढे धाडले आणि उत्तरांची वाट पाहिली. उत्तरं आली. पाड्याची जमीन आरे दुग्धवसाहतीची, म्हणजे राज्याच्या दुग्धव्यवसाय खात्याची. 1949 साली वसाहत झाली तेव्हापासून. त्यातली 812 एकर अलीकडे वनखात्याकडे गेली, पण हा तुकडा त्यात येतो की नाही ते मोजणीवर ठरेल. बिबट्या कुठेही फिरो, तो वनखात्याचा. मिठी नदीसाठी 26 जुलै 2005च्या पुरानंतर वेगळं प्राधिकरण झालेलं; त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. नाला महापालिकेचा, पण मोरीपासून खाली.

प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि काम एकही होत नव्हतं.

नालेसफाईचा मुकादम जुना होता. तो म्हणाला, "साहेब, आपला नाला मोरीपासून सुरू होतो. वरचं पाणी वरच्यांचं. मोरीत उतरलं की आपलं. गाळ काढायचा, काट्यावर वजन करायचं, फोटो काढायचे. एवढं केलं की आपण सुटलो."

अभियंत्याला असं सुटायचं नव्हतं. त्याने उन्हात उभं राहून मोरी साफ करून घेतली. प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, गाद्या, एक फुटकं कमोड, सगळं निघालं. मोरी अशी मोकळी झाली की वाकून पाहिलं तर आरपार उजेड दिसावा. खालचा नाला वस्तीच्या बाजूने अजून निम्मा भरलेला होता. ते काम पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं.

पुढच्या आठवड्याच्या आत पाऊस आला. इतकी वर्षं मोरीपाशी अडकून हळूहळू झिरपणारं पाणी त्या रात्री एका दमात खाली धावलं आणि गाळाने भरलेल्या नाल्यात मावलं नाही. वस्तीतल्या घरांत गुडघाभर पाणी झालं. सकाळी अभियंता तिथे पोचला तेव्हा एक बाई दारात भिजलेलं पीठ उपसत होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मोरी उघडणार होतात तर सांगायचं होतं ना, साहेब. डबे वर ठेवले असते."

या बोलण्याने तो अस्वस्थ झाला. एवढं पाणी येतं तरी कुठून, हे पाहायला पावसाळा रुळल्यावर तो मोरीच्या वर चालत गेला. नोकरीत पहिल्यांदाच तो आपल्या हद्दीबाहेर पडला होता. तबेल्यांमागे शेणाचा रबडा ओहोळात ढकललेला दिसला. सोसायटीच्या मागच्या भिंतीबाहेर उष्ट्याच्या पिशव्यांचा ढीग होता आणि त्यावर दहा-बारा कुत्री. आणखी वर पाड्याची खाचरं लागली. आभाळ गच्च होतं. आवणी नुकतीच आटोपली होती. वरच्या खाचराच्या बांधावर इरलं पांघरून आजी उभी होती, हातात फावडं.

खाचर काठोकाठ भरलं होतं. पाणी अजून चार बोटं चढलं असतं तर बांधावरून सांडलं असतं.

"आजी, खांड फोडा की," अभियंता म्हणाला. "बांध जाईल."

आजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तोंडाजवळ हात धरून ती खालच्या बाजूला ओरडली, "खांड फोडते रे!"

खालून पुतण्याचा आवाज आला, "थांब गं काकी! काल लावलंय, आवण धरलं नाय अजून!"

आजीने फावडं खाली टेकवलं. मग पुतण्याने त्याच्याही खालच्याला हाक मारली, त्याने त्याच्या खालच्याला. सर्वांत खालच्या शेतकऱ्याने आपली खांड आधी फोडली. मग त्याच्या वरच्याने. असं एकेक खाचर खालून वर रिकामं होत आलं. पुतण्याने हात केला तेव्हा आजीने आपली खांड वीतभरच उघडली, मुखाशी दगड ठेवला आणि पाणी बारीक धारेने सोडलं.

"वरून सुरुवात केली असती तर?" अभियंत्याने विचारलं.

"माझं खाचर वाचलं असतं," आजी म्हणाली. "बाकी पाचांचं आवण वाहून गेलं असतं. आवण धरायला आठ-दहा दिवस लागतात, पोरा. तोवर त्याला जोराचं पाणी सोसत नाही."

"पण तुमचा बांध फुटला असता तर? तो तुमचा आहे. खांड कधी फोडायची हे तुम्हीच ठरवायचं ना?"

"बांध माझा आहे, म्हणून तर हाक मी मारायची. पाणी काय माझं आहे? ते वरून आलं, खाली चाललंय. मधे घटकाभर माझ्याकडे थांबलंय."

अभियंता बांधावर बसला. त्याच्या मामाचं गाव हिवरे बाजारच्या शेजारचं. 1989 पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने काय केलं, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेलला मनाई, उसा-केळीला नकार. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच कोणी काय पेरायचं ते ठरवायचं. मामा नेहमी म्हणायचा, तिथली माती काही वेगळी नाही. डोंगरावर गुरं सोडणारा आणि विहिरीवर मोटर लावणारा एकाच चावडीत समोरासमोर बसतात, एवढाच फरक.

इथे चावडीच नव्हती. पाडा शेती करत होता, पण त्याला ग्रामपंचायत नव्हती. 73व्या घटनादुरुस्तीने शेती, पाणलोट आणि सामाजिक वनीकरण पंचायतींकडे दिलं. 74वीने नागरी वनीकरण आणि पर्यावरणरक्षण नगरपालिकांकडे. पण मुंबईच्या पोटात भात लावणाऱ्या आजीचं खाचर कोणत्या दुरुस्तीत बसतं, हे अभियंत्याच्या एकाही फायलीत लिहिलेलं नव्हतं.

हुकूम काढायचा अधिकार त्याला नव्हता. बोलावण्याचा होता. त्याने पुढच्या रविवारी पाड्यावरच्या समाजमंदिरात ओहोळाकाठच्या सगळ्यांना बोलावलं. पाड्यातली माणसं, तबेलेवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, वस्तीतली पीठ उपसणारी बाई, कचरागाडीचा सुपरवायझर, वनखात्याचा वनरक्षक आणि आपला मुकादम. बसवलं मात्र हुद्द्याप्रमाणे नाही, ओहोळाच्या क्रमाने. सर्वांत वर राहणारा पहिला, सर्वांत खाली राहणारा शेवटचा. बोलायला सुरुवात मात्र खालून.

वस्तीतल्या बाईने आपलं सांगितलं. मग सेक्रेटरी उठले. "पाणी राहू द्या. आधी बिबट्याचं बघा. मुलं खाली खेळतात. पिंजरा लावा आणि तो कुठेतरी लांब नेऊन सोडा."

वनरक्षक म्हणाला, "साहेब, लांब म्हणजे कुणाच्या तरी जवळच. जुन्नरकडे 2001 ते 2003 या काळात असंच झालं. उसातले बिबटे पकडले आणि दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी नाही झाले, वाढले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केलाय. 2011 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लेखी कळवलं की पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे. आणि इथला एक नेला म्हणून जागा मोकळी राहत नाही. 2015च्या मोजणीत बोरिवलीचं उद्यान आणि आरेच्या परिसरात कॅमेऱ्यांत 35 बिबटे आले. एक गेला की दुसरा येतो, आणि नव्याला इथली वहिवाट माहीत नसते."

"मग आम्ही करायचं काय?"

आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमच्या भिंतीमागे कुत्री किती आहेत, दादा? आमच्याकडे वाघबारसेला वाघोबाला मान देतात. तुम्ही तर रोज जेवण वाढताय, आणि आला की पोलीस बोलावताय."

सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

"पिंजऱ्यातला बिबट्या लांब सोडणं काय," अभियंता म्हणाला, "किंवा मी मोरी उघडली ते काय, दोन्ही एकच. हाक न मारता फोडलेली खांड. मी माझं काम चोख केलं आणि खालची घरं बुडवली."

त्या दुपारी कुणाच्या हद्दी बदलल्या नाहीत. कागदावर जमीन ज्या खात्याची होती त्याच खात्याची राहिली. पण काही साध्या गोष्टी ठरल्या. तबेलेवाल्यांनी शेण ओहोळात न ढकलता एका खड्ड्यात साठवायचं आणि पाड्यातल्यांनी ते खताला उचलायचं. कचरागाडी सोसायटीच्या मागच्या फाटकाशी संध्याकाळी, अंधार पडण्याआधी यायची. भिंतीबाहेर कुणी पिशवी टाकली तर दंड महापालिकेआधी सोसायटीनेच घ्यायचा. संध्याकाळनंतर मुलांनी मागच्या बाजूला एकटं जायचं नाही आणि तिथले दिवे चालू ठेवायचे. नाल्याची सफाई खालून सुरू करून वर यायचं, वरून खाली नाही. आणि पाड्यातले बांध काढायचे नाहीत. उलट पडलेल्या दोन बांधांना दगड लावून द्यायचे, कारण तेवढं पाणी वर थांबलं तर खाली सवडीने येतं. शेवटचं, खांड फोडायची वेळ आली की आजीच्या पुतण्याने फोन करायचा. आधी वस्तीत, मग सोसायटीत, मग वॉर्ड ऑफिसात.

"वॉर्ड ऑफिस शेवटी?" मुकादमाने विचारलं.

"ऑफिसात पीठ भिजत नाही," ती बाई म्हणाली.

सगळं सरळ झालं असं नाही. एका तबेल्याने महिनाभर कोणाचं ऐकलं नाही. सोसायटीतल्या दोन घरांनी दंड भरायला नकार दिला आणि सेक्रेटरींची निवडणूक त्यावरून गाजली. ऑगस्टमध्ये भरतीच्या वेळेलाच मोठा पाऊस आला, मिठी तुडुंब झाली आणि वस्तीच्या टोकाच्या दोन घरांत पाणी शिरलंच. पण अर्धा तास आधी फोन आला होता. डबे माळ्यावर होते, मुलं शाळेच्या इमारतीत होती. त्या पावसाळ्यात बिबट्या भिंतीवर दोनदा दिसला. कुत्री पांगली होती. तो काही वेळ बसला आणि झाडीत निघून गेला. कुणी पिंजऱ्याचा अर्ज केला नाही.

तीन वर्षांनी अभियंत्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या साहेबांना मुकादम नाला दाखवायला घेऊन गेला, तो मोरीपाशी थांबलाच नाही. साहेबांनी घाम पुसत विचारलं, "अहो, आपली हद्द मागेच संपली ना?"

"हद्द संपली, साहेब," मुकादम म्हणाला, "पण पाणी इथून येतं."

तात्पर्य: जमीन, पाणी आणि रानातलं जनावर यांची खाती वेगळी असू शकतात, ती वेगळी असल्यावाचून कारभार चालत नाही. पण एका खात्याने सोडलेलं दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं, मग ते पाणी असो, कचरा असो की पिंजऱ्यातला बिबट्या. म्हणून जो वर बसला आहे त्याने आपला अधिकार वापरण्याआधी खालच्याला हाक मारावी, आणि उत्तर येईपर्यंत फावडं टेकवून थांबावं. अधिकार हद्दीपाशी संपतो. जबाबदारी आपण सोडलेलं पाणी जिथवर पोचतं तिथवर जाते.